नानांच्या बाकाखालचं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराला जागा लागतच नाही, असं यशोदाबाईचं ठाम मत होतं. जागा लागते ती हवेला. डब्यात वर चार बोटं हवा, दोन डब्यांच्या मध्ये हवा, आणि पातेल्याच्या पोटात तर सगळी हवाच! "आणि हवा काही आपण खात नाही," असं तिने नवऱ्याला बजावलं.

नवरा म्हणजे कौतिक. तो गाडी चालवायचा आणि पडद्यावर चित्रं हलवायचं यंत्रही चालवायचा. गाडी आणि यंत्र दोन्ही त्याच्या थोरल्या भावाची, धनसिंगनानांची. दिवाळी झाली की धुळ्याहून हा फिरता सिनेमा निघायचा तो जत्रा-जत्रा करत पावसाच्या तोंडावर घरी यायचा. गेल्या हंगामात यशोदाबाईही सोबत होती. स्वयंपाक करायची, बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची, आणि रोज नवं गाव बघायची. तिला ते इतकं आवडलं होतं, की घरी परतल्यावर चूल एका जागी उभी असते याचाच तिला कंटाळा आला.

पण लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं आणि नानांनी गाडीला कोळशाच्या गॅसचं यंत्र बसवून घेतलं. ते धूड बसलं ते नेमकं गाडीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे यशोदाबाईचं स्वयंपाकघर होतं तिथे. नानांनी निकाल देऊन टाकला. स्वयंपाकघर गेलं म्हणजे स्वयंपाक करणारीचंही काम संपलं. आठ महिने तिने धुळ्याला राहावं, पुरुष माणसं गावात कुठेही खातील.

यशोदाबाईने लढा द्यायचं ठरवलं. अडचण एवढीच की नाना तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळाखाली आणि तोंडातून शब्द नाही, ही घरची रीत. त्यामुळे नाना ओट्यावर सुपारी कातरत बसले असताना ती दाराआडून कौतिकला म्हणाली, "त्यांना सांगा, सगळं स्वयंपाकघर मी एका पेटीत बसवते."

दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या नानांनी ते ऐकलं. तेही कौतिकलाच म्हणाले, "तिले सांग, एक पेटी. त्यानावर चमचाबी नही. अन् वाटमा माले उपाशी ठेवं, तं पुढल्या गावथून ती घर."

कौतिकने मान इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवली, आणि करार झाला.

पेटी सागवानी होती, लोखंडी पट्ट्यांची, पूर्वी पडदा ठेवायची. यशोदाबाईने पातेल्यात पातेलं, त्यात आणखी एक पातेलं असं बसवलं. सगळ्यात आतल्यात मीठ-मिरची. पिठाचे डबे, गुळाची ढेप, चहाची पुडी, तवा उभा, बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, चवड आडवी. तरीही फटी राहिल्याच. दुसरी बाई असती तर तिथेच थांबली असती. यशोदाबाई जळगावच्या शाळेत शिकलेली. बाईंनी बरणीत खडे भरून वर वाळू ओतून दाखवलेली तिच्या डोळ्यांसमोर होती. तिने सुपाने हरभरे ओतायला सुरुवात केली. ओतले, पेटी हलवली, पुन्हा ओतले. पातेल्या-पातेल्यांच्या मधल्या फटीसुद्धा सुटल्या नाहीत. आता भांडी खडखडणार नाहीत, आणि वर उसळीची सोय! झाकण लावून कडीत लोखंडी खुंटी ठोकली तेव्हा आत मुंगीला कूस बदलायला जागा नव्हती.

पेटी गाडीत चढवली तिथे नानांचं बाक झालं. पुढे कौतिकशेजारी कोळशाची पोती होती, त्यामुळे मागे ताडपत्रीखाली नाना पेटीवर, आणि समोर सिनेमाच्या यंत्राच्या खोक्याला टेकून, बाहेर तोंड करून यशोदाबाई. चाळीसगावच्या अलीकडच्या जत्रेला गाडी निघाली.

कोळशाच्या गाडीचा स्वभाव रुसक्या जावयासारखा. सपाटीवर गुणाने चालली, आणि संध्याकाळी एका नाल्याच्या ऐन मध्यावर येऊन तिने खाली बसायचंच बाकी ठेवलं. पाणी गाडीच्या तळाच्या फळ्यांवर आलं. नानांनी पाय उचलून पेटीवर घेतले आणि सिनेमाचे डबे मांडीवर. गावातून बैल येऊन गाडी बाहेर ओढली जाईपर्यंत अंधार पडला. काठावर चढताना पेटीच्या खालच्या सांध्यातून पाण्याची धार लागली. यशोदाबाईने ती पाहिली आणि तिला हायसं वाटलं. आत शिरलेलं पाणी बाहेर आलं, असा तिने हिशेब केला. आत राहिलेल्या पाण्याचा तिने हिशेबच केला नाही.

रात्री गावच्या पाटलाने जेवू घातलं, म्हणून पेटी उघडायची वेळ आली नाही. ती आली सकाळी, चहाला. खुंटी निघेना. कौतिकने दगडाने ठोकली, पान्याने ओढली, शेवटी दातओठ खाल्ले. खुंटी जागची हलली नाही. यशोदाबाईने झाकणावर हात ठेवला. काल सपाट असलेलं झाकण आज जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखं लागत होतं. आत कुठेतरी करकर आवाज आला.

आणि तिला तीच शाळा पुन्हा आठवली. बाईंनी बाटलीत हरभरे भरले होते, पाणी घातलं होतं, बूच घट्ट बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त काचा होत्या.

तिने कौतिकला गाडीमागे ओढलं. "त्यांना सांगा, पेटीवर बसू नका. हरभरे फुगलेत. पेटी फुटेल."

कौतिक भला माणूस होता, म्हणजे अशा वेळी अगदी निरुपयोगी. खरं सांगावं तर बायको पुढच्या गावाहून घरी. न सांगावं तर भाऊ आभाळात. त्याने मधला मार्ग काढला. चहा नाही म्हणून नाना आधीच धुमसत होते. त्यांना तो म्हणाला, "नाना, आज पेटीकडे जरा ध्यान ठेवा."

नाना काय समजायचं ते समजले. गावात कुणीतरी पेटीवर डोळा ठेवून आहे! त्यांनी जाड दोराचा सोल मागवला, पेटीला आडवा-उभा दोनदा आवळला, वर घोंगडी टाकली आणि मांडी घालून असे बसले की चोरांची टोळी आली तरी आधी त्यांना उचलावं लागलं असतं.

गाडी निघाली. यशोदाबाई बाहेर बघत होती, पण तिचा जीव पाठीत होता. मागून करकर ऐकू यायची. नानांना वाटलं गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे वाजतात. मग त्यांचा फेटा ताडपत्रीच्या लोखंडी कमानीला लागला. त्यांनी मान वाकवली. कोसभर पुढे गेल्यावर त्यांनी पाठही वाकवली. कौतिकच्या डोक्यामागच्या झरोक्यावर थाप मारून ते ओरडले, "नीट चालाव! खड्डासमा माले उंच करी राहिना!"

सडक तिथे दुकानाच्या गल्ल्यासारखी गुळगुळीत होती. यशोदाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला. हसू होतं की रडू, हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. जेठांना तोंडाने सांगायचं की उठा, एवढंच करायचं होतं. पण ते तर मेल्याशिवाय होणार नव्हतं. मेल्याशिवाय कुणाच्या, एवढाच प्रश्न होता.

पूर्व खानदेशाच्या हद्दीवर नाका लागला. धान्यावर तेव्हा बंदी होती. या जिल्ह्यातला दाणा परवान्याशिवाय त्या जिल्ह्यात जायचा नाही. प्रवाशाची शिजलेली शिदोरी तेवढी सोडायचे. नाक्यावर जीवराम नावाचा जमादार होता, मिशा मोठ्या, झोप कमी. बैलगाड्यांची रांग लागली होती. जमादाराने ताडपत्री बाजूला केली. आत एक गृहस्थ छताला डोकं टेकवून, दोरखंडाने बांधलेल्या पेटीवर ठाण मांडून बसलेले. पेटी करकरतेय. गेल्या वर्षी, बेचाळीसच्या चळवळीत तारा तुटल्या होत्या, चौक्यांवर स्फोट झाले होते. जमादार दोन पावलं मागे गेला.

"खाली उतरा. पेटीत काय आहे?"

"रांधानं सामान शे," नाना म्हणाले. त्यांना खरोखरच तेवढंच माहीत होतं.

"मग दोर कशाला?"

"चोर शेतस."

नाना उतरले. त्यांचा भार उतरला, दोर सैल करण्यासाठी कौतिकने गाठीला हात लावला, आणि पुढचं सगळं एकदम झालं. खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली, फळी धाडकन फाटली, झाकण उभं राहिलं! जमादार एका बैलगाडीखाली आडवा झाला. बैल उधळले. गाडीवाले कपाशीच्या शेतात शिरले. आणि शांतता झाल्यावर पेटीतून, दूध उतू यावं तसे, सावकाश, हरभरे वर यायला लागले.

जमादार गाडीखालून निघाला तो आधी कपडे झटकत आणि मग संतापत. फटीफटीत दाणा! भांड्यांच्या मध्ये दाणा! इतकं लपवून धान्य नेलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने गाडी जप्त केल्याचं सांगितलं. नानांचा चेहरा पांढरा पडला. उद्या जत्रा, तंबूची जागा घेतलेली, आणि गाडीच गेली तर सिनेमा कसला! त्यांनी कौतिककडे पाहिलं. कौतिक पुन्हा मधला मार्ग शोधायला गेला. "साहेब, ते खाण्यासाठी नाही, भांडी हलू नयेत म्हणून घातलंय."

"हरभरा?" जमादार म्हणाला. "भांडी हलू नयेत म्हणून? अंगावर धान्य उतू चाललंय तुमच्या!" आणि त्याने बेडी आणायला सांगितली.

तेव्हा यशोदाबाई गाडीतून उतरली. पदर होता तिथेच होता, पण आवाज पदराबाहेर आला. नाना चार हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांच्या देखत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"जमादारभाऊ, हा दाणा आहे का?" तिने ओंजळभर हरभरे त्याच्यापुढे धरले. "जात्यात घाला, पीठ पडतं का बघा. पोत्यात भरा, उद्या वास सुटेल. विकायला न्या, कोण घेतं बघू. भिजला तेव्हाच तो दाण्यातून उठला. ही शिदोरी आहे, शिजायची तेवढी राहिली."

"शिजलेली शिदोरी चालते," जमादार म्हणाला. "भिजलेलीचं मला कुणी सांगितलेलं नाही."

"मग शिजवते."

"सगळे?"

"सगळे."

जमादार सकाळपासून उपाशी होता, हे त्याच्या मिशांवरून दिसत होतं. तो बाजेवर बसला.

आता पंचाईत वेगळीच! पातेली एकमेकांत अशी आवळली होती की चार माणसांनी दोन टोकांना ओढूनही सुटेनात. एका गाडीवाल्याकडे गुऱ्हाळाची कढई होती ती उतरवली. चुलीला तीन दगड. सरपण नव्हतं, म्हणून कौतिकने गाडीचा कोळसा काढला, एक पोतं, मग दुसरं. मीठ-मिरची ज्याच्या-त्याच्या फडक्यातून आली. दुपार कलेपर्यंत उसळ झाली. जमादाराने दोनदा घेतली. रांगेतल्या प्रत्येकाने घेतली, भाकऱ्या ज्याच्या त्याच्या. नानाही जेवले. कढईचा तळ दिसला तेव्हा जमादाराने आडवा बांबू वर केला.

पण गाडी सुरू होईना. गॅसला कोळसाच उरला नव्हता! शेवटी उसळ खाल्लेल्या गाडीवाल्यांनी दोन जोड्या जुंपल्या, आणि दिवेलागणीला फिरता सिनेमा बैलांच्या मागे जत्रेत शिरला. पोरांना वाटलं, हीच यंदाची नवी करामत. ती ओरडत पुढे धावली.

तंबूचे खुंट ठोकून झाल्यावर नानांनी कौतिकला हाक मारली. यशोदाबाई फुटक्या पेटीजवळ उभी होती. निकाल कुठला लागणार हे तिला ठाऊक होतं. उपाशी कुणी राहिलं नव्हतं, पण चहा बुडाला होता, पेटी फुटली होती, कोळसा जळला होता, आणि ती जेठांसमोर बोलली होती.

"तिले सांग," नाना म्हणाले आणि थांबले. मग ते सरळ तिच्याकडे वळले. "पोर, उद्यापासून तू पुढे बस. नाका उना की तूच बोल. आमना दोन्हीसनं काम नही ते."

यशोदाबाईने पदर आणखी खाली ओढला. सवयीने ती कौतिकला म्हणाली, "त्यांना विचारा, आणि स्वयंपाकघर?"

"ते घर धाडी दे," नाना म्हणाले. चार पावलं गेल्यावर त्यांना काहीतरी आठवलं, आणि ते पुन्हा कौतिककडेच वळून म्हणाले, "अन् तिले सांग, उसळमा मीठ कमी व्हतं."

आपलं मीठ आतल्या पातेल्यात अजून अडकून बसलंय, हे यशोदाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. पुढे बसायला मिळत होतं.