तान्हूबाई भट्टीकरणींनी क्रोमियमचा आळ धुवून काढिला, त्याचे वर्तमान

श्रीअग्निनारायण समर्थ. ज्याचे ठिणगीपुढे धातूचे पोटातले काही लपत नाही, त्यास साष्टांग दंडवत घालून लिहिते ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिकमासी, ओतकामाचे एका राज्यी मोठा कज्जा उभा राहिला.

त्या राज्यी थोरली भट्टी तान्हूबाईंकडे होती. बाई खाशा! बावीस वर्षे रस ओतिला, आणि भट्टी हे बायकांचे काम नव्हे म्हणणारे सगळे गप्प केले. त्या दिवशी बाईंनी साध्या पोलादाचा रस सिद्ध केला, आणि त्यातली रुपयाएवढी चकती नमुना म्हणून परीक्षक विसाजीपंतांकडे धाडिली. पंतांचे दालनी स्पेक्ट्रोमीटर नामे यंत्र होते. ते चकतीस ठिणगी मारी, मग त्या उजेडात प्रत्येक धातू आपापले रंगाची रेघ उमटवी, आणि रेघेचे तेज पाहून कोण किती ते यंत्र सांगे. कसले भारी यंत्र! पंतांनी तीन ठिकाणी ठिणगी मारिली, आणि सरासरी काढिली, आणि भर दरबारी वाचिली की, "क्रोमियम शेकडा चार दशांश. साध्या पोलादात इतके असू नये. क्रोमियम असते ते स्टेनलेसात; बाईंनी भट्टीत त्याचेच भंगार लोटिले." महाराज संतापले आणि बोलिले, "रस फेका. बाईंची भट्टी काढून घ्या."

मग काय, बाई तडक पुढे झाल्या. "भट्टी मी देत नाही. आधी तिन्ही आकडे वाचा."

"सरासरी वाचिली ना!"

"सरासरी तुमच्यापाशी ठेवा, पंत. आकडे वाचा."

पंतांनी नाइलाजे वाचिले: नऊ दशांश, तीन दशांश, एक दशांश. तेव्हां बाई हसल्या. "महाराज, चहात साखर विरघळली तर घोट न् घोट सारखा गोड. एक घोट गोडमिट्ट आणि दुसरा फिका, तर साखर चहात नव्हे, कपाच्या काठाला! क्रोमियम माझ्या रसात नाही, चकतीच्या तोंडाला आहे. पंत, ठिणगीआधी चकती कोणत्या पॉलिश पेपरने घासली?"

"सकाळच्याच. त्याने स्टेनलेसचा नमुना घासला होता. फाटेतो वापरावा ऐसा येथला शिरस्ता."

"शिरस्ता गेला खड्ड्यात! कोरा आणा."

"यंत्रास शिकविता काय, बाई?"

"यंत्र खरेच बोलिले. त्यास मळके तोंड तुम्ही दाखविले."

मग कोरा पेपर आणविला, आणि चकती चांगली खोल घासविली, आणि पुन्हा तीन ठिणग्या मारिल्या. चार शतांश. चार शतांश. चार शतांश! साध्या पोलादात इतके चालतेच. महाराज बोलिले, "बरे, भट्टी तुमची. जा, रस ओता." पंत हळूच म्हणाले, "मिटले ना? आता ताणू नका." बाई जागच्या हलल्या नाहीत. "आळ भर दरबारी वाचिला. भर दरबारीच मागे घ्या."

पंत काही पुटपुटले.

"मागच्या रांगेस ऐकू नाही गेले, पंत."

मग पंत उभे राहिले, आणि खाकरले, आणि मोठ्याने बोलिले, "चूक माझी. बाईंचा रस चोख." तेव्हां बाईंनी पदर खोचिला आणि रस ओतविला.

तात्पर्य, भट्टी राहिली, आणि त्या राज्यी प्रत्येक धातूस वेगळा पेपर जाहला. बाई फार उद्धट, ऐसे कोणास वाटेल, तर खुशाल वाटो. लिहिले ते खोडणार नाही.