पाय हलले पाहिजेत!

चांगली साउंड सिस्टीम कशी ओळखायची, मला विचारा! लोक कान टवकारतात. मी पाय बघतो. आवाज कितीही गोड असो, ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरत नसेल तर ते स्पीकर कसले? नुसती खोकी!

बायकोला मात्र माझ्या स्पीकरची खोली शिवणकामाला हवी होती. "रविवारी बाबा येतायत, तुमच्या आत्याही आहेत. एकाचा तरी पाय हलवून दाखवा, खोली तुमची. नाहीतर सोमवारी खोकी बाहेर!"

"एकाचा? सगळ्यांचे हलवतो!" मी छाती ठोकून सांगितलं.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं नाचून दमली तरी हे खांबासारखे उभे राहिलेले! आणि आत्याला कानात यंत्र घातल्याशिवाय ढोलही ऐकू येत नाही.

रविवारी भर दुपारी मी जाड पडदे ओढले, आवाज घुमू नये म्हणून. खोलीत उजेड काय तो अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल दिव्याचा. चांगलं उडतं गाणं लावलं. पाय ढिम्म! मी आवाज वाढवला.

तेवढ्यात सासऱ्यांचा अंगठा हलला. मग टाच. मग बायकोचा पाय. मग चक्क आत्याचा! मी टाळी वाजवणार, तोच तिच्या मांडीवरचं कानाचं यंत्र दिसलं. काढून ठेवलेलं!

"आत्या, ऐकू येतंय?"

"आं? गाणं कधी लावणार आहेस?" पाय हलतोच आहे!

आता मी नीट पाहिलं. तिघांचा ठेका एकच होता, पण तो माझ्या गाण्याचा नव्हता. गाणं पुढे पळत होतं आणि पाय आपले सावकाश पडत होते. धप... धप... धप.

मी गाणं बंद केलं. पाय थांबेनात! प्लगच उपटला. लाल दिवा विझला. अंधारात धप... धप... धप. लाकडी जमिनीखालून कोणीतरी तळपायाला ठोकत होतं. आणि खालच्या घराला तर वर्षभर कुलूप!

"अहो," बायको कुजबुजली, "माझा पाय मी हलवत नाहीये."

"मीही नाही," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज कापताना मी पहिल्यांदाच ऐकला.

चाचपून पाहिलं, तर माझाही पाय हलत होता! ठोके वाढले, खिडकीची काच थरथरली, आत्याने माझा दंड घट्ट धरला... आणि एकदम सगळं थांबलं. पायसुद्धा.

मागच्या बाल्कनीतून आवाज आला. टीं टीं टीं!

"अगंबाई!" बायकोने कपाळावर हात मारला. "वॉशिंग मशीन! बाबांचे चिखलाचे बूट टाकले होते मी!"

मी घाम पुसला. "पण पाय हलले ना?"

"हलले की! पण हलवले कोणी? उद्या खोकी बाहेर!"

आता त्या खोलीत बायको शिवत बसते. आणि मी? मी बाल्कनीत वॉशिंग मशीनसमोर खुर्ची टाकून बसतो. कोणाला सांगू नका, पण आत बुटांचा जोड टाकला ना, की काय ठेका धरतं हो!