गोपाळभाऊंच्या गाडीतली दुसरी बैठक

गोपाळभाऊंना "बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. डोळे बारीक करून ते उलट विचारायचे, "कोणी पाठवलं तुला?"

नागावात आमच्या वाड्या कुंपणाला कुंपण लागून. एकदा त्यांच्या वाडीत पडलेला आमचा नारळ मागायला गेलो, तर तो कानाशी धरून हलवला, उलटासुलटा पाहिला आणि मगच हातात दिला. नारळात मी काय लपवणार होतो, देव जाणे.

घरात माणसं दोनच. ते आणि धाकटी बहीण यमूताई. बिचारी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, लाल आलवणातली. उंबऱ्याबाहेर तिला कोणी पाहिलेलं नाही.

अशा माणसानं विलायतेहून शर्यतीची मोटार मागवावी? तीही बदल करवून! इंजिन आणखी जोराचं, आणि एकच बैठक असते तिथं शेजारी दुसरी, चांगली खोल. गोदीत कोणी इंजिन बदललं असेल म्हणून त्यांनी तिथल्या कारकुनाला सळो की पळो केलं. मुंबईहून रेवसला शिडाच्या मचव्यातून आणताना स्वतः छत्री उघडून गाडीतच बसले.

मचवा हाकणारा तांडेल वैतागला. "भाऊ, उतरा की! गारी काय पलून जाते?"

"कोणी पाठवलं तुला?"

गाडी आली, पण त्या दुसऱ्या बैठकीवर कोणाला बसू देतील तर शपथ. मी नुसता हात टेकला, तर केवढ्यानं खेकसले! झालं. मुंबईची कोणी बाई आहे, अशी कुजबुज गावात सुरू झाली. मी पडलो शाळामास्तर, चौकशी माझ्या रक्तातच. ओहोटी असली की पहाटे किनाऱ्यावरून गाडीची घरघर ऐकू यायची. हा गृहस्थ तिथं कोणाला फिरवतो? एके दिवशी उजाडायच्या आत मी केवड्याच्या बेटाआड दबा धरून बसलो.

ओल्या, कडक वाळूवरून गाडी सुसाट आली. आतून बाईचा खिदळता आवाज आला, "दादा, अजून जोरात!"

दादा? मी ताडकन उभा राहिलो. मला पाहून भाऊ गांगरले आणि गाडी मऊ वाळूत शिरून रुतली. दुसऱ्या बैठकीत यमूताई होती. चेहऱ्यावरचं हसू जायच्या आत तिनं पदरानं तोंड झाकलं.

दुरून जाळी घेऊन कोळी येताना दिसत होते. त्यांनी तिला पाहिलं असतं, तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं आणि तिच्यामागे दार कायमचं लागलं असतं. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

"बैलगाडीतून नेली असती तर जो तो डोकावला असता रे," ते म्हणाले. "जोरात गेलं की आत कोण आहे ते कळत नाही. एवढी वर्षं घरात बसून समुद्र नुसता ऐकत होती ती."

संशय घेणाऱ्या माझ्या तोंडात मारावीशी वाटली. मी धोतर खोचलं, खांदा लावला आणि जीव खाऊन गाडी ढकलली. एकदाची निघाली!

ती वळणाआड जाते न जाते तोच हिराजी कोळी धापा टाकत आला. "मास्तर, भाऊंच्या बाजूला कोन बसली व्हती?"

मी डोळे बारीक केले.

"कोणी पाठवलं तुला?"