न बोलता तोडायचा पाला

आमच्या डोंगरकडा गावात सकाळी सकाळी शेषरावकाका समोरून आले आणि तुमच्या रामरामाला उत्तर न देताच पुढं गेले, तर राग मानायचा नाही. गावात कोणाला तरी लागलंय आणि काका पाला आणायला निघालेत, एवढंच समजायचं.

पाला कंबरमोडीचा. बांधाबांधावर उगवतो, शाळेतली पोरंही ओळखतात. पण काकांचा नियम असा, की घरातून निघाल्यापासून पाला चुरून जखमेवर बांधेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की गुण गेला. मग तो पाला फेकून पुन्हा बांध गाठायचा. अशा माणसाला गाव सुखानं चालू देईल? "काका, तुमची म्हैस सुटली." "काका, धोतराला काय लागलंय?" यात मी मास्तर असूनही सगळ्यांत पुढं. एका सकाळी तर मी त्यांना तीन चकरा मारायला लावल्या. शेवटी ते म्हणाले, "गुरुजी, तुमी लेकरं शिकवता का बिघडवता?" आणि चौथ्यांदा निघाले.

यंदा सोयाबीन काढताना माझ्याच पायाला विळा लागला. आठवडा झाला तरी जखम ओलीच, म्हणून काकांकडं गेलो. त्यांनी पाय निरखून पाहिला. "आधी शुगर तपासून या. चिठ्ठी दाखवा, मंग पाला."

झाडपालावाल्यानं रक्ताची चिठ्ठी मागावी याचं मला हसू आलं. चिठ्ठीत शुगर भरमसाट निघाली. काकांनी पाल्याचं नाव काढलं नाही. मला एसटीत घालून दवाखान्यात नेलं, नंबर लावला, पट्टी होईपर्यंत शेजारी उभे राहिले.

परतताना गाडीत आपणहून बोलू लागले. "तुमच्या काकूच्या पायाला म्या म्हैनाभर पाला बांधला. डाक्टर म्हन्ले, शुगरनं गेली. असंल. पर येका सकाळी म्या वाटंत बोल्लो होतो. कोनीतरी इचारलं, काकूचा पाय कसा हाय? म्या म्हन्लो, बरा हाय. परत जायाला पायजे होतं. पर ती घरी कन्हून राहिली होती. तसाच तो पाला बांधला."

"कोणी विचारलं होतं?"

"आता न्हाई आठवत."

कोणाचं कोणतं बोट कोणत्या सुगीत कापलं, हे काकांना तोंडपाठ आहे. विचारणारा मी होतो. त्या दिवशी थट्टा नव्हती, काळजीनंच विचारलं होतं. हे त्यांना सांगावं असं फार वाटलं.

"पाय सरळ ठिवा, गुरुजी," काका म्हणाले, आणि माझी टाच उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतली.