तीन पायांशी वैर

घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा, एवढंच हेडक्लार्कनी ठरवलं होतं. त्यात विजेचा चढउतार सपाट करणारा रेग्युलेटर लागतो, नाहीतर गाण्यामागे घरघर ऐकू येते. बाजारात तो तयार मिळतो. बोटाच्या पेराएवढा, तीन पायांचा, जोडला की काम झालं. शहाण्या माणसाने तो आणला असता आणि सुट्टीभर गाणी ऐकत लोळला असता. (पण शहाणा माणूस मुळात या फंदात पडेल कशाला?)

"तयार माल? माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला?" हेडक्लार्क म्हणाले. "मी सुटे भाग जोडून माझ्या डिझाइनचा करणार."

आता डिझाइन म्हटलं की एकावर भागतंय होय? पहिलं तापलं. दुसऱ्याने शिट्टी मारली. तिसऱ्यासाठी जेवणाच्या टेबलावर तारा, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर असा संसार मांडला गेला आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. ऑफिसात साहेबांनी नुसतं पाहिलं तरी मान खाली घालणारा हा माणूस घरात मात्र तसूभर हटेना.

शेवटी बायकोने धाकट्या भावाला बोलावलं. त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं.

"भावजी, कानाला काही फरक कळत नाही," मेहुणा म्हणाला.

"तुझ्या कानाला नसेल कळत."

"मग बांधा डोळे. एकदा तयार रेग्युलेटरवर वाजवतो, एकदा तुमच्यावर. ओळखा."

"ओळखलं तर टेबल कायमचं माझं."

"आणि चुकलात," बायको म्हणाली, "तर पसारा माळ्यावर, आणि आजचं जेवण टेबलावर."

टेप लावली ती बायकोच्याच गाण्याची. संमेलनात तिने साथीशिवाय म्हटलेलं गाणं होतं. हेडक्लार्कच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून मेहुण्याने आधी त्यांचाच रेग्युलेटर जोडला आणि बटण दाबलं. आवाज नाही, धूर नाही. ढिम्म!

बायकोचा जीव कळवळला. कसाही असला तरी आपला नवरा, त्याची फजिती भावासमोर कशी बघायची? गेलं टेबल तर गेलं. तिने भावाला डोळ्यांनी दटावलं, स्पीकरशेजारी जाऊन बसली आणि तेच गाणं स्वतः गाऊ लागली. अगदी मन लावून.

हेडक्लार्कनी मान हलवली. "हा तयारच! शंकाच नको. आवाज कसा मेल्यासारखा आहे बघा. वरच्या पट्टीत चिरकतोय. आणि तो श्वास? लोहाराचा भाता परवडला. माझ्या डिझाइनमध्ये ही सगळी घाण गाळली जाते."

गाणं थांबलं.

"भावजी," मेहुणा हळूच म्हणाला, "टॉवेल काढा."

काढला. समोर बायको. अ‍ॅम्प्लिफायर थंडगार. एवढ्यावर माफी मागून सुटका झालीही असती, पण कबूल करतील ते हेडक्लार्क कसले?

"हे पाहा," ते ताठ मानेने म्हणाले, "मूळ आवाजातच दोष असेल तर त्याला रेग्युलेटर तरी काय करणार?"

त्या दिवसापासून सगळे टेबलावर जेवू लागले. बायकोने हेडक्लार्कशी बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तर ते मेहुण्याकरवी मागावं लागे, आणि मेहुणा काही रोज येत नसे. पण हेडक्लार्क हटले नाहीत. अळणी जेवले.