प्रमाणित उष्टे पेरू

एखाद्या प्राण्याचे रक्षण करायचे ठरले की सर्वप्रथम गरज भासते ती खात्याची. प्राण्याची गरज त्यानंतर, आणि तीही खात्याला वाटली तर. या न्यायाने तांबूस खार संवर्धन खाते स्थापन झाले, तेव्हा त्या मुलखात तांबूस खार दिसेनाशी होऊन बराच काळ लोटला होता. खात्याच्या दृष्टीने हे सोयीचेच झाले. खार प्रत्यक्ष हजर असती तर तिच्या सवयी विचारात घ्याव्या लागल्या असत्या; ती नसल्यामुळे नियम सलग आणि सुबक झाले. बोधचिन्हावर मात्र तिला मानाची जागा मिळाली (शेपूट चौकटीत मावेना, म्हणून ते आखूड करण्यात आले).

नियमांचा गाभा साधा होता. पेरूच्या बागा ही खारीची मूळ वस्ती. बागायतदार हे तिथले भाडेकरू. घरमालकाच्या आधी भाडेकरूने पानावर बसणे शोभत नाही. सबब, बागेतल्या दर वीस फळांमागे निदान एक फळ खारीने झाडावरच उष्टावलेले आढळले, तरच उरलेली फळे तोडण्यास परवानगी. याला 'अग्रभक्षण' असे भारदस्त नाव होते. ज्या बागेत अग्रभक्षण आढळणार नाही, ती खारीस प्रतिकूल समजून तिच्या फाटकाला सील लागेल आणि खार येऊन खाईपर्यंत ते निघणार नाही. खार कुठून येईल याबाबत नियम मौन पाळून होते. नियमांनीच सगळे बोलावे अशी अपेक्षा धरणेही बरे नव्हे.

ज्या बागायतदारांची ही हकिकत आहे, ते नियम वाचून पाळणाऱ्यांपैकी होते. (वाचून न पाळणारे पुष्कळ आणि न वाचता पाळणारे त्याहून पुष्कळ, वाचून पाळणारे ते एकटेच निघाले.) बाग वडिलार्जित, घर बागेच्या मधोमध, आणि बाहेर पडायची वाट त्या एका फाटकातून. म्हणजे सील लागले तर पेरू आणि माणसे दोन्ही आतच पिकणार. फळ पाडाला आले होते. तोडणी फार तर पंधरवड्यावर होती. निरीक्षकांची भेट त्याआधी.

बागायतदारांनी खारीसाठी करता येण्यासारखे सर्व केले. चढायला सोपे जावे म्हणून प्रत्येक खोडाला काथ्या गुंडाळला. (खार ही चढण्यासाठीच प्रसिद्ध आहे, हे बायकोने सगळा काथ्या संपल्यावर लक्षात आणून दिले.) घरच्या मांजराची रवानगी सासुरवाडीला केली. फांद्याफांद्यांत बदाम ठेवले. बदाम रोज नाहीसे होत, त्यामुळे आशा वाढली. पुढे बायकोच्या पदराच्या गाठीत बदाम सापडले तेव्हा ती आशाही मावळली.

"फुकट मुंग्या लागायच्या," बायको म्हणाली. "म्हटलं, घरातल्या माणसाला तरी लागू देत."

घरात तिसरे माणूस म्हणजे बागायतदारांचे थोरले बंधू. हे निवृत्त घड्याळजी. यांचे वरचे दोन दात जगाच्या स्वागताला कायम पुढे उभे असत, आणि त्या दोहोंमध्ये एक प्रशस्त फट होती. तरुणपणी कोणीतरी त्यांना 'खवणी' म्हटले. वय वाढल्यावर लोकांनी आदराने 'खवणीदादा' केले. दादांना एक खोड होती. पेरू पिकला की नाही हे जगातली इतर माणसे हाताने दाबून पाहतात. दादा झाडावरच्या पेरूला हात न लावता, मान पुढे करून, सरळ चावा घेऊन पाहत. गोड लागला तर खात. नाही तर तो तसाच फांदीला लटकत ठेवून पुढच्याकडे वळत. दुपारचा चहा झाला की त्यांची अशी एक फेरी असे. घड्याळजीचे हात तेलकट, त्यामुळे ही सवय लागली, असे त्यांचे म्हणणे. या सवयीपायी त्यांनी लहानपणी वडिलांचा मार आणि उतारवयात भावजयीचे टोमणे पुरेसे खाल्ले होते.

निरीक्षक आले. पिशवीत सीलची लाख, मेणबत्ती आणि व्हर्निअर कॅलिपर. बागायतदार त्यांच्यामागून असे चालले, जसा नापास होणार हे ठाऊक असलेला मुलगा गुरुजींमागून चालतो. तिसऱ्या ओळीत निरीक्षक थबकले. समोर फांदीवर एक चावलेला पेरू लोंबत होता. त्याच्या पलीकडे दुसरा. मग तिसरा.

"कधी आली होती?" निरीक्षकांनी आवाज खाली आणून विचारले.

"कोण?"

"खार हो."

बागायतदारांना खोटे बोलता येत नसे. त्यांना ठसका लागला. निरीक्षकांनी ठसका हा होकार धरला.

"रोज दुपारी असते," बायको मागून म्हणाली. "चहा झाला की."

"पट्टे आहेत अंगावर?"

"आहेत ना, उभे," बायको म्हणाली, आणि दोरीवर वाळत असलेल्या दादांच्या पायजम्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

बाग उत्तीर्ण झाली. येथवर जे घडले ते कोणत्याही घराला लाजिरवाणे आणि कोणत्याही खात्याला भूषणावह होते. परंतु निरीक्षक कर्तव्यदक्ष निघाले. मुख्यालयात खारीच्या दातांचा एकही नमुना नव्हता. त्यामुळे इतर बागांत कोणता चावा कशाशी ताडायचा हा प्रश्न अधांतरी होता. त्यांनी त्यातला एक पेरू जपून कापसात ठेवला आणि मुख्यालयात नेला. महिन्याभरात दादांच्या दोन दातांची रुंदी, मधली फट आणि डावीकडचा किंचित कल यांसह 'प्रमाण चावा' जाहीर झाला. यापुढे जो चावा या मापात बसेल तो खारीचा. बाकी सर्व बनावट.

पुढची प्रगती वेगाने झाली. ज्या बागांत पोपट, वानर, मुंगूस आणि शाळकरी पोरे निष्ठेने पेरू खात, त्या सगळ्या नापास झाल्या. त्या बागांचे मालक आधी देवाला आणि मग खवणीदादांना शरण आले. दादा सुरुवातीला जातीने जात. परंतु तोंड एक आणि बागा अनेक, असा पेच पडला. दोन आठवड्यांत दादांना पेरू हा शब्द ऐकूनच ढेकर येऊ लागली. तेव्हा गावच्या कवळ्या बनवणाऱ्याने त्यांच्या दातांचा साचा काढला आणि तो एका पकडीला बसवला. पकड दाबली की चावा उमटे. (उजव्या हाताची आणि डाव्या हाताची अशा दोन आवृत्त्या निघाल्या.) घरच्या बागेला मात्र दादांनी पकड लावू दिली नाही.

"बाहेर काय ते चालू दे," ते म्हणाले. "घरी यंत्राचं उष्टं मला पटत नाही."

यामुळे त्यांची बाग ही संपूर्ण नैसर्गिक अशी एकमेव बाग उरली, आणि खात्याच्या संशोधन शाखेने अभ्यासासाठी नेमकी तीच निवडली. त्या अहवालाने प्राणिशास्त्रात मोलाची भर घातली. चाव्यांच्या जमिनीपासूनच्या उंचीवरून तांबूस खार उभी राहिली असता साडेपाच फूट भरते, असे सिद्ध झाले. ती वरच्या फांद्यांवर जात नाही. बहुधा तिला चक्कर येते. एकादशीला ती दुप्पट खाते. मोसमात एकदा ती सहा दिवस स्थलांतर करते, कारण अज्ञात. (त्या सहा दिवसांत दादा मामेबहिणीकडे गुडघ्यांना लेप लावून घ्यायला गेले होते.) खारींची संख्या चाव्यांना सरासरी भुकेने भागून काढण्यात आली, ती माणसांच्या वर गेली. खात्याला पारितोषिक मिळाले. ते घ्यायला निरीक्षकही गेले होते, आणि परत आले ते वरिष्ठ निरीक्षक होऊन.

एवढे सारे सुरळीत चालू असताना, पुढच्या मोसमात, त्या बागेत खार आली.

कुठून आली ते कळले नाही. वीतभर अंग, त्याहून लांब शेपूट, तांबूस रंग. खोडावरच्या काथ्याकडे तिने ढुंकून पाहिले नाही. वरच्या फांदीवरून सुरुवात करून ती खाली येत गेली आणि सकाळी बागायतदार उठून पाहतात तो दादांच्या फेरीतल्या दोन ओळींतले बहुतेक पेरू उष्टे, दादांचे चावेसुद्धा कुरतडून पुसलेले. बागायतदारांचे डोळे भरून आले. इतके दिवस छातीवर असलेला धोंडा उतरला. आता बाग खरोखरच कायद्यात बसली होती. त्यांनी दादांना सांगितले, "दादा, आजपासून तुम्ही सुटलात. गोड असेल तेवढंच खा." दादांनी त्या दिवशी चहानंतर, कित्येक वर्षांत प्रथमच, बिस्कीट खाल्ले.

तोडणीपूर्व तपासणीला वरिष्ठ निरीक्षक दुसऱ्याच दिवशी आले. कॅलिपर लावले. पुसून पुन्हा लावले. मग ते अत्यंत खिन्न झाले.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. "अहो, नक्कल करायची तर निदान माप तरी बघायचं. हे दात आहेत का? या तर सुया आहेत."

"साहेब, हे खारीनंच खाल्लंय."

"खारीचा चावा मी ओळखतो. माझी बढती आहे त्यावर." त्यांनी पिशवीतून लाख काढली. मेणबत्ती काढली. काडेपेटी शोधू लागले.

तेवढ्यात प्रत्यक्ष खार फांदीवर येऊन बसली आणि साहेबांसमोर एक पेरू कुरतडू लागली. बागायतदारांनी तिकडे बोट दाखवले. साहेबांनी चष्मा वर करून पाहिले.

"हे काय आहे?"

"खार."

"खार साडेपाच फूट असते."

"ही लहान आहे, साहेब."

"पिल्लू असेल तर आईवडील दाखवा."

बागायतदारांनी असहायपणे दादांकडे पाहिले. दादा पायरीवर बसून होते. ते गुडघ्यावर हात टेकत उठले. धाकट्या भावाच्या फाटकाला आपल्या देखत लाख लागावी, हे त्यांना बघवेना.

"साहेब, आता खरं सांगतो," ते म्हणाले. "तुमची ती खार म्हणजे मी. पहिल्यापासून मीच."

वरिष्ठ निरीक्षकांनी दादांच्या दातांकडे पाहिले, फटीकडे पाहिले, डावीकडच्या कलाकडे पाहिले. हात नकळत कॅलिपरकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परतला.

"बसा, काका," ते मायेने म्हणाले. "आणि नीट ऐका. तांबूस खार हा संरक्षित प्राणी आहे. तो घरात पाळणं गुन्हा. म्हणजे तुमच्या भावाला अटक. त्याला चहा देणं गुन्हा. म्हणजे वहिनींनाही. आणि प्राणी सापडला की पकडून राखीव रानात सोडायचा, असा नियम आहे. तिथे झाडावर झोपावं लागतं. आता विचार करून सांगा, तुम्ही कोण?"

दादांनी विचार केला.

"मी घड्याळजी," ते म्हणाले.

"निवृत्त," भावजयीने भर घातली.

"छान. मग खार वेगळी." साहेबांनी काडेपेटी खाली ठेवली. फाटकाकडे पाहिले, पेरूंनी वाकलेल्या झाडांकडे पाहिले, आणि बहुधा आपल्या पारितोषिकाकडेही मनातल्या मनात पाहून घेतले. "आमच्या अभ्यासानुसार ती चहानंतर येते. मी आत बसून चहा घेतो. चहा झाल्यावर माप घेईन. ते अंतिम."

बायकोने आयुष्यात कधी केला नसेल इतक्या सावकाश चहा केला. आधी साखर संपली; मग गाळणे हरवले; मग दूध नासल्याचा संशय आला. मागच्या दाराने दादा बागेत गेले आणि खारीने घेतलेल्या एकेका चाव्यावर आपला चावा बसवू लागले. ऐन उमेदीत त्यांना हे जड गेले नसते. आता चौथ्या झाडापाशी जबडा आखडला. बागायतदार एका हाताने फांदी वाकवून धरत आणि दुसऱ्या हाताने भावाची हनुवटी चोळत.

"दादा, राहू द्या. लागू दे सील."

"गप रे," दादा भरल्या तोंडाने म्हणाले. "डावीकडचा कल नीट येतोय का तेवढं बघ."

खार वरच्या फांदीवर बसून हे पाहत होती. आपण अर्धवट टाकलेले अन्न दोन म्हातारे मन लावून का संपवताहेत, हे तिला कळले नसावे; पण ती जागची हलली नाही.

तिसऱ्या कपानंतर साहेब बाहेर आले. प्रत्येक चावा केसाइतकाही न चुकता मापात बसला. लाख पिशवीत गेली, फाटक उघडे राहिले. फांदीवरच्या प्राण्याची नोंद 'खारीच्या अन्नावर डल्ला मारणारा उपद्रवी जीव' अशी झाली आणि खारीच्या हितासाठी त्याला हुसकून लावण्याची लेखी सूचना देण्यात आली. (बागायतदारांनी आयुष्यात मोडलेला हा पहिला नियम.) दादांना आठवडाभर पेजेवर ठेवावे लागले.

त्या झाडांवरचे पेरू शहरात 'दुहेरी अग्रभक्षित, प्रत विशेष' म्हणून दीडपट भावाने गेले. दुकानदाराने प्रत्येक चावा पारदर्शक कागदातून दिसेल असा वर करून मांडला होता, आणि ज्या पेट्यांत चावा दिसत नव्हता त्या तुम्ही परत केल्यात. आठवत असेल. पेटी घरी आली, फोडी झाल्या, चाव्याकडची फोड कोणाला यावरून थोडी ओढाताणही झाली; शेवटी ती तुम्हीच घेतलीत आणि डोळे मिटून म्हणालात की रानाची चव ती हीच, बागेतल्या फळाला ही येत नाही. सख्ख्या भावाच्या पेल्यातले पाणी तुम्ही कधी तोंडाला लावत नाही. दुसऱ्याच्या भावाचे उष्टे मात्र तुम्हाला गोड लागले, याचे त्या घरी फार समाधान आहे. पुढच्या मोसमासाठी दादांनी दात घासायचे सोडले आहे. रानाची चव थोडी अधिक उतरावी म्हणून.