चकती दंडावरच असावी

चारुदत्तच्या डाव्या दंडावर मागच्या बाजूला एक पांढरी चकती होती आणि तिच्याखाली खाज होती. चकती रक्तातली साखर मोजून आकडा फोनवर पाठवायची. खाज मात्र कुठेच पाठवता येत नव्हती. त्याने मदत केंद्राला फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितलं, की तक्रार नोंदवायला चकतीखालच्या कातडीचा फोटो लागेल; मात्र चकती काढल्यास तक्रार बाद होईल. नो वरीज, असंही त्या म्हणाल्या.

दिवस लॉकडाऊनचे होते. स्कोफिल्ड्स या परदेशातल्या उपनगरात नव्या कोऱ्या घरांतली माणसं इतकी कंटाळली होती, की शेजाऱ्याच्या दंडाकडेसुद्धा निरखून बघायची. पार्कात चार जणांना भेटायची मुभा मिळाली त्याच दुपारी मराठी मंडळाच्या अध्यक्षांची, दत्तप्रसादांची, नजर चकतीवर गेली.

"हे काय रे?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण आपल्याकडे माणूस घटस्फोट सांगेल, गेलेली नोकरी सांगेल, साखर सांगणार नाही. एकदा का कळलं, की लाडू वाढणारे हात आखडतात आणि जो तो कारल्याचा रस सुचवतो. चारुदत्त म्हणाला, "दोन्ही डोस झाले ना, त्याचं आहे."

थाप एवढीशी होती. पण ती कार्यकारिणीच्या हाती पडली.

दिवाळीच्या कार्यक्रमाला दोन्ही डोसवाल्यांनाच हॉलमध्ये बसता येणार होतं. फोनमधली सर्टिफिकेटं तपासायची म्हणजे दारात ही रांग, आणि ज्येष्ठांचे पासवर्ड मुलांकडे. दत्तप्रसादांनी झूमवर ठराव मांडला: प्रवेशेच्छूंनी दंड उघडा ठेवावा, दंडावरील पांढरी गोल चकती हा लसीकरणाचा पुरेसा पुरावा समजण्यात येईल.

"माझे दोन्ही डोस झालेत, पण मला कोणी चकती दिली नाही," सभासद कौमुदी म्हणाली.

सगळ्यांनी आपापले दंड चाचपले. मग एकेकाला आठवू लागलं, की आपल्याला दिली होती, काढून कपाटात ठेवली आहे. शेवटी कौमुदीलाही आठवलं.

बघता बघता सगळ्यांच्या दंडांवर चकत्या उगवल्या. कुणी कोटाचं बटण चिकटवलं, कुणी औषधाच्या बाटलीचं झाकण, आणि गोंद म्हणाल तर फरशा चिकटवायचा. कौमुदीने पैठणीवर जाईल अशी मोतिया रंगाची शोधून आणली. खाली पुरळ सगळ्यांनाच उठलं, पण खाज कुणालाच येत नव्हती. खाज येते म्हणजे लस मानवली नाही, आणि ज्याला लस मानवली नाही त्याच्या शेजारी बसणार कोण?

चारुदत्तच्या दंडाला तर फोड आले. डॉक्टर फोनवर म्हणाले, दंडाला जरा विश्रांती दे, पुढची चकती पोटावर लाव. त्याने लावली आणि जिवाला बरं वाटलं.

"आता तरी लोकांना खरं सांगून टाक," त्याची बायको सुमेधा म्हणाली.

"दिवाळी होऊ दे. मग सांगतो."

कार्यक्रमात त्यांच्या शिवांगीचा नाच होता. दोन वर्षं ती फक्त स्क्रीनसमोर नाचली होती. "बाबा, यू विल सिट इन फ्रंट ना?" असं तिने निघताना दोनदा विचारलं आणि ती आईबरोबर पुढे गेली. फराळ सहाला होता, म्हणून चारुदत्त घरून इन्सुलिन टोचूनच निघाला; ते टोचलं की वेळेवर खावंच लागतं.

दारात स्वयंसेवक यतिन टॉर्च आणि चिकटपट्टी घेऊन उभा होता.

"दंड."

दंडावर नुसता लाल गोल डाग होता. चारुदत्तने झब्बा वर करून पोट दाखवलं. यतिनने पोटावर टॉर्च मारला.

"पोटात कोण लस देतं, मेट? ठरावात दंड म्हटलंय."

"ही लसीची नाहीये रे. साखरेची आहे. मला डायबिटीस आहे."

यतिनने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आत यायला माणूस काय काय सांगतो."

"मग हे बघ, फोनवर खरं सर्टिफिकेट आहे."

"फोनवर काय, कुणीही काहीही दाखवेल."

आत गाण्याची चाल सुरू झाली. चारुदत्तने ओठ चावत पोटावरची चकती उपटली. एकदा निघालेली चकती पुन्हा मोजत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. यतिनच्याच चिकटपट्टीने त्याने ती फोडांवर दाबून बसवली. यतिन म्हणाला, "वेलकम."

पण ती चाल नाचाची नव्हती, स्वागतगीताची होती. त्यामागून प्रास्ताविक आलं, मनोगत आलं, प्रायोजकांचा परिचय आला. सहा वाजून गेले तरी फराळ झाकलेलाच. शिवांगी स्टेजवर आली तोवर चारुदत्तला दरदरून घाम फुटला होता, हात कापत होते आणि फोनवर आकड्याच्या जागी नुसती रेघ होती. सुमेधा स्टेजमागे होती; शेजारी लूसी बसली होती. लूसी वसईची, हॉस्पिटलात नर्स.

"लूसी, साखर उतरतेय. एक लाडू आण."

लूसी धावली. यतिनने तिला टेबलापाशी अडवलं. "फराळ आभारप्रदर्शनानंतर."

"अरे, तो पडेल."

"त्याच्या दंडावर चकती आहे," दत्तप्रसाद माइकवरून म्हणाले. "त्याला काही होणार नाही."

चारुदत्त खुर्चीवरून घसरला. तेव्हा शिवांगी नाच अर्धा टाकून स्टेजवरून उतरली, आपल्या पिशवीतला ज्यूसचा पॉपर, म्हणजे छोटा खोका, काढला आणि स्ट्रॉ बाबाच्या तोंडात धरली. घरी असं झालं की काय करायचं ते तिला माहीत होतं. ती तशीच बसून राहिली आणि गाणं तिच्यावाचून संपलं.

चारुदत्तला जरा तरतरी आल्यावर त्याने लूसीच्या दंडाकडे बोट केलं. तिथे खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं. "तू तर नर्स आहेस ना गं?"

"आहे ना. पण मलाही आत यायचं होतं."

कार्यकारिणीने घटनेची तिथल्या तिथे चौकशी केली. चकती ढिली लावल्यामुळे हा प्रकार घडला, सबब यापुढे दोन्ही दंडांवर एकेक असावी, असं ठरलं. ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांनी एक हात वर केला आणि दुसऱ्याने हळूच दंड खाजवला.

तुम्हाला हसू येतंय. हसा की. पण आधी दंडावरचा तो हात खाली घ्या, केव्हाचे खाजवताय.